तरंगत्या धातुरसाला पाणी देताना : शीघ्र शीतनाच्या प्रयोगासाठी नवोदितांचे मार्गदर्शन

एक ग्रॅम निकेलचा, सुमारे सहा मिलिमीटर व्यासाचा गोळा तांब्याच्या वेटोळ्यात अधांतरी तरंगतो, आधी लाल, मग पिवळा, मग उघड्या डोळ्यांना न सोसणारा पांढरा होतो, आणि १४५५ अंश सेल्सिअसला त्याच्या कडा एकदम थरथरू लागतात. तो वितळला, हे समजायला तापमापकाकडे पाहावे लागत नाही. त्यानंतरची काही सेकंदे हाच प्रयोगाचा खरा गाभा असतो. या थेंबाला कोणत्या क्षणी, कोणत्या तापमानाला आणि कशावर विझवायचे, हे ठरवून तसेच घडवून आणणे म्हणजे तरंगत्या धातूचे शीघ्र शीतन. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो तेव्हा पात्याचा रंग पाहून क्षण निवडतो. इथेही तोच विचार आहे, फक्त पाते घन असते आणि आपला नमुना द्रव.

हा लेख पदव्युत्तर किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात हे उपकरण प्रथमच हाताळणाऱ्यांसाठी आहे. मी निकेल हा एकच धातू धरून पायऱ्या सांगणार आहे आणि शेवटी तांबे-कोबाल्ट या मिश्रधातूकडे जाणार आहे, कारण विझवण्याचा क्षण का महत्त्वाचा असतो हे त्यात फार स्पष्ट दिसते.

मुशीशिवाय का वितळवायचे

मुशीत वितळवलेल्या धातूला मुशीची भिंत सतत स्पर्श करीत असते. भिंतीवरचा एखादा ओरखडा किंवा ऑक्साइडचा कण घन स्फटिकाला बसायला जागा देतो आणि घनीभवन वितळबिंदूच्या थोडेसेच खाली सुरू होते. ही जागा काढून घेतली की धातू वितळबिंदूच्या शेकडो अंश खालीही द्रवच राहू शकतो. यालाच अतिशीतन म्हणतात. डेव्हिड टर्नबुल यांनी १९५०च्या सुमारास धातूचे अगदी बारीक थेंब करून हे दाखवले आणि अनेक धातूंमध्ये अतिशीतन वितळबिंदूच्या (केल्विनमध्ये मोजलेल्या) सुमारे १८ टक्क्यांपर्यंत जाते असे त्यांच्या मापनांतून दिसले. निकेलसाठी ही संख्या ३०० केल्विनच्या थोडी वर येते. तरंगत्या ग्रॅमभर थेंबातही आज ३०० केल्विनच्या आसपास अतिशीतन गाठता येते.

नवोदितांचा पहिला गोंधळ इथेच होतो. शीघ्र घनीभवन दोन वाटांनी साधते. एका वाटेने उष्णता बाहेरून झपाट्याने ओढून घेतली जाते. पोल डुवेझ आणि कॅलटेक या अमेरिकन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये सोने-सिलिकॉनचा रस तांब्यावर आदळवून पहिली धातुकाच (काचेसारखा, स्फटिक नसलेला घन धातू) मिळवली, ती या वाटेने. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन आणि सी. सूर्यनारायण यांनी १९७१ मध्ये त्या पहिल्या दशकाचा जो आढावा घेतला, तो याच वाटेचा होता. दुसऱ्या वाटेने थेंब शांतपणे खोलवर अतिशीत होतो आणि मग स्फटिक स्वतःच्याच ओढीने सेकंदाला कित्येक मीटर, निकेलमध्ये तर काही दशक मीटर वेगाने त्यातून धावत जातो. बाहेरून शीतन मात्र सेकंदाला दहा-वीस केल्विनचेच असते.

दुसऱ्या वाटेला एक मर्यादा आहे आणि ती आकड्यांत समजून घ्यावी. घन होताना निकेल जी उष्णता सोडते ती मोलला सुमारे १७ किलोज्यूल आहे आणि द्रवाची उष्णताधारकता मोलला केल्विनमागे सुमारे ४० ज्यूल. एकाला दुसऱ्याने भागले की ४२५ ते ४३० केल्विन मिळतात. म्हणजे थेंब वितळबिंदूच्या इतका खाली असेल तरच स्वतःची सगळी उष्णता पोटात सामावून घेत पूर्ण घन होईल. ३०० केल्विन अतिशीतनावर घनीभवन सुरू झाले, तर पहिल्या झपाट्यात साधारण दोन-तृतीयांश भाग गोठतो, थेंब क्षणात पुन्हा वितळबिंदूपर्यंत तापतो आणि लख्खकन उजळतो (याला रिकॅलेसन्स म्हणतात), आणि उरलेला एक-तृतीयांश भाग नंतर संथपणे गोठतो. त्या संथ काळात आधी तयार झालेल्या स्फटिकाच्या नाजूक फांद्या वितळतात, जाड होतात, तुटतात. अतिशीतनाने कमावलेली रचना अशी डोळ्यांदेखत पुसली जाते. म्हणून दोन्ही वाटा जोडायच्या असतात : खोलवर अतिशीत करायचे आणि नेमक्या क्षणी विझवायचे.

तरंगवण्याची पद्धत

विद्युतचुंबकीय, स्थितविद्युत, वायुझोताची आणि ध्वनीची अशा पद्धती प्रचलित आहेत. स्थितविद्युत पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरचा नमुना निर्वातात लेझरने तापतो. मापने त्यात फार स्वच्छ मिळतात, पण तेथून थेंब नेमका खाली टाकून विझवणे कष्टाचे असते. ऑक्साइडांसाठी वायुझोत बरा. ज्या धातूला वीज वाहता येते आणि ज्याला आपल्याला विझवायचेही आहे, त्याच्यासाठी विद्युतचुंबकीय पद्धत सर्वांत सोयीची. तिचे पेटंट जर्मनीत ओटो मुक यांनी १९२३ मध्ये घेतले आणि १९५२ मध्ये अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीच्या संशोधकांनी घन व वितळलेले धातू अशा रीतीने तरंगवल्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. आज आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या कोलंबस कक्षात याच तत्त्वावरचे उपकरण आहे. तेथे वजन पेलायचे नसल्याने तापवणे आणि जागेवर धरणे ही कामे वेगवेगळी करता येतात. जमिनीवर ती सवलत नाही, आणि आपल्या बहुतेक अडचणी तेथूनच येतात.

पहिली पायरी : नमुना

किमान ९९.९९ टक्के शुद्धतेचे निकेल घ्यावे. हवा तेवढा तुकडा हिऱ्याच्या पातळ चक्रीने कापावा. लोखंडी कानस लावली तर तिचे कण नमुन्यात रुततात. मिश्रधातू असेल, तर पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या ताटलीवर आर्गॉनमध्ये विद्युत-आर्कने तो तीन-चार वेळा उलटसुलट वितळवावा, आणि दर वेळी आधी शेजारचा टायटेनियमचा गोळा वितळवून कक्षातला उरलासुरला ऑक्सिजन त्याला शोषू द्यावा. तयार गोळी सौम्य आम्लात बुडवून, अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन, चिमट्याने उचलावी. बोट लावू नये.

वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत करून वहीत लिहावे. प्रयोगानंतर पुन्हा वजन करायचे आहे, आणि त्या दोन आकड्यांतला फरक तुमच्या नमुन्याचे संघटन (घटकांचे प्रमाण) बदलले की नाही हे सांगणारा पहिला साक्षीदार आहे.

दुसरी पायरी : कॉइल

कॉइल हाताने वळावी लागते आणि पहिली कॉइल क्वचितच साधते, हे आधीच मान्य करावे. तीन ते चार मिलिमीटर बाह्य व्यासाची तांब्याची नळी घ्यावी, ती तापवून मऊ करावी, आत बारीक कोरडी वाळू ठासून दोन्ही टोके बंद करावीत आणि लाकडी किंवा पितळी साच्याभोवती वळावी. वाळू नसेल तर नळी वळणावर चेपते आणि कॉइल थंड ठेवणारे पाणी तेथे अडते. खाली चार-पाच वेढे, वर किंचित फाकत जाणारे. त्यांच्या वर थोडी जागा सोडून एक-दोन वेढे उलट दिशेने. खालचे वेढे थेंबाला उचलतात, वरचे उलटे वेढे त्याला वर निसटू देत नाहीत, आणि मधोमध चुंबकीय क्षेत्र क्षीण असलेली जी जागा तयार होते तिच्यात थेंब स्थिरावतो. वेढे एकमेकांना टेकू नयेत. वळून झाल्यावर वाळू पूर्ण निघाली ना, हे दाबाने पाणी सोडून पाहावे. आत राहिलेला एक चिमूटभर गठ्ठाही कॉइल जाळायला पुरेसा असतो.

या कॉइलमधून काही शेकडो किलोहर्ट्झचा प्रवाह जातो. त्याने थेंबातही प्रवाह निर्माण होतो आणि ३०० किलोहर्ट्झला द्रव निकेलमध्ये तो पृष्ठभागाखालच्या जेमतेम मिलिमीटरभर थरातच वाहतो. तोच प्रवाह थेंबाला उचलतो आणि तोच त्याला तापवतो. त्यामुळे शक्ती कमी केली की थेंब थंड होण्याऐवजी खाली घसरतो, अधिक तीव्र क्षेत्रात जातो, आणि कधी कधी आणखीच तापतो. जमिनीवर तापमान आवरायचे ते वायूच्या प्रवाहाने, शक्तीच्या बटणाने नव्हे. हे एक वाक्य मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर बरेच थेंब वाचले असते.

सुरक्षेबद्दल थोडे थांबून सांगतो. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्या खोलीत येऊ नये. शीतजलाचा प्रवाह थांबला तर कॉइलला वीज देणारे जनित्र आपोआप बंद पडले पाहिजे, आणि ही कळ काम करते की नाही हे दर आठवड्याला नळ बंद करून प्रत्यक्ष पाहावे. थेंबाकडे वेल्डिंगच्या काचेतूनच पाहावे. कक्षाच्या भिंतींवर साचणारी काळी काजळी ही धातूची अतिसूक्ष्म भुकटी असते. ती हवा लागताच पेटू शकते, म्हणून कक्षात हवा सावकाश सोडावी आणि पुसताना तोंडावर योग्य मुखपट्टी असावी.

तिसरी पायरी : वायू

कक्ष १०चा उणे सहावा घात मिलिबार एवढा निर्वात करावा, मग काही शे मिलिबारपर्यंत अतिशुद्ध हेलियम भरावा. एखाद-दोन मिलिबारच्या आसपास कॉइल कधीही चालू करू नये. त्या दाबाला वेढ्यांमध्ये विद्युत-विसर्ग सहज पेटतो. हेलियम निवडण्याचे कारण साधे आहे : त्याची उष्णतावाहकता आर्गॉनच्या आठपटीहून अधिक आहे. ऑक्साइड काढून टाकण्यासाठी थोडा हायड्रोजन मिसळलेला हेलियम वापरतात. असे मिश्रण पुरवठादाराकडून तयारच घ्यावे, प्रयोगशाळेत स्वतः मिसळू नये. बंद खोलीत हेलियमची गळती गुदमरवते आणि तिला वास नसतो, म्हणून ऑक्सिजन-मापक भिंतीवर असू द्यावा.

चौथी पायरी : वितळवणे आणि तापमान वाचणे

नमुना सिरॅमिकच्या नळीवर ठेवून कॉइलच्या मध्यभागी आणावा. निकेल सुमारे ३५५ अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकीय असते आणि त्या अवस्थेत ते कॉइलकडे ओढले जाण्याची शक्यता असते, म्हणून आधाराची नळी लवकर काढू नये; गोळा लालसर होऊन स्वतःहून उचलला गेला की मग ती हळूच खाली न्यावी.

तापमान स्पर्शाविना, पायरोमीटरनेच (तेजावरून तापमान सांगणाऱ्या उपकरणाने) मोजता येते. पायरोमीटर दाखवतो ते खरे तापमान नसते, कारण धातूचा पृष्ठभाग आदर्श काळ्या पदार्थापेक्षा पुष्कळ कमी प्रकाश सोडतो. सुदैवाने शुद्ध धातू आपला मापदंड स्वतःच बरोबर घेऊन येतो : वितळताना तापमान काही क्षण स्थिर राहते आणि आलेखावर सपाट पायरी दिसते. निकेलसाठी ती पायरी १७२८ केल्विन आहे, पायरोमीटर काहीही म्हणो.

आता चूक कुठे होते ते पाहा. समजा पायरी १६०० केल्विनला दिसली. नवखा विद्यार्थी १२८ केल्विनचा फरक काढतो आणि सगळ्या आकड्यांत तो मिळवतो. थेंब अतिशीत होऊन पायरोमीटरने १३५० दाखवले, तर त्याच्या हिशेबाने खरे तापमान १४७८ आणि अतिशीतन २५० केल्विन. हे चूक आहे. स्थिर राहतो तो तापमानांतला फरक नसून त्यांच्या व्यस्तांकांतला फरक. १६००चा व्यस्तांक वजा १७२८चा व्यस्तांक हा जो आकडा येतो, तोच १३५०च्या व्यस्तांकातून वजा करायचा आणि उत्तर पुन्हा उलटे करायचे. ते १४४० केल्विन येते. अतिशीतन २८८ केल्विन. ३८ केल्विनचा हा फरक किरकोळ नाही. द्रवाची उत्सर्जकता (आदर्श काळ्या पदार्थाच्या तुलनेत तो किती प्रकाश सोडतो ते प्रमाण) या पल्ल्यात बदलत नाही असे यात गृहीत धरलेले आहे. बहुतेक द्रव धातूंसाठी ते चालते. दोन रंगांचा पायरोमीटर घेतला की ही कटकट संपते असा समज आहे, पण धातूची उत्सर्जकता तरंगलांबीनुसार बदलते, त्यामुळे वितळबिंदूची पायरी त्यालाही दाखवावीच लागते.

माझ्या दुसऱ्या वर्षात मी सलग तीन दिवस उत्तम अतिशीतन मिळवले. दर थेंबाला आकडा वाढत होता, ३१०, ३३०, ३५०, आणि मी ते आनंदाने वहीत लिहीत होतो. मार्गदर्शकांनी वही हातात घेतली, आलेख पाहिले, आणि एकच प्रश्न विचारला : रिकॅलेसन्सनंतर वक्र कुठे थांबतो आहे? शुद्ध निकेलचा थेंब उजळल्यावर वितळबिंदूपर्यंतच परत यायला हवा. माझा वक्र दर खेपेला थोडा थोडा खाली थांबत होता. धातूची वाफ पायरोमीटरसमोरच्या काचेवर बसत गेली होती, काच धूसर होत होती आणि पायरोमीटर खोटे थंड तापमान दाखवत होता. थेंब बिचारे नेहमीइतकेच अतिशीत होते. ते तीन दिवस वाया गेले, पण तेव्हापासून मी प्रत्येक वितळणीची पायरी आणि प्रत्येक रिकॅलेसन्सचे शिखर वेगळ्या रकान्यात लिहितो, आणि वाफेपासून वाचण्यासाठी काचेऐवजी आरशातून तिरके पाहतो.

पाचवी पायरी : थेंब स्वच्छ करणे

पहिल्या वितळणीत थेंब सहसा ५० ते १०० केल्विन अतिशीतनावरच गोठतो. निराश होऊ नये. त्याला वितळबिंदूच्या दोन-तीनशे केल्विन वर नेऊन थोडा वेळ ठेवावे, हेलियमच्या झोताने गोठू द्यावे, पुन्हा वितळवावे. काळ्या काचेतून नीट पाहिले तर पृष्ठभागावर ऑक्साइडची बारीक बेटे फिरताना दिसतात. ती भोवतालच्या धातूपेक्षा अधिक तेजस्वी असतात, कारण त्यांची उत्सर्जकता जास्त असते. ती एकेक करून आकसतात आणि नाहीशी होतात. पृष्ठभाग आरशासारखा एकसंध झाला की अतिशीतन वाढू लागते. दरम्यान धातूचे बाष्पीभवनही होतच असते, म्हणून मँगनीज, क्रोमियम यांसारखे चटकन उडणारे घटक असतील तर या फेऱ्या कमीत कमी ठेवाव्यात.

सहावी पायरी : विझवणे

चार मार्ग आहेत आणि त्यांच्या वेगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निर्वातात नुसत्या उत्सर्जनाने थंड होणारा एक ग्रॅमचा थेंब वितळबिंदूपाशी सेकंदाला सुमारे १५ केल्विन गमावतो. हेलियमचा झोत हा वेग काही दशकांपासून शंभरच्या आसपास नेतो. थेंब तांब्याच्या जाड पाटावर टाकला तर टेकलेल्या बाजूजवळ हजाराच्या घरात. आणि पडता थेंब दोन तांब्याच्या दट्ट्यांमध्ये चिरडून शंभर मायक्रॉनचा पत्रा केला, तर लाखाच्या घरात.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचे कारण समजून घ्यावे. द्रव निकेलमध्ये उष्णता पसरण्याचा गुणांक सेकंदाला सुमारे १० चौरस मिलिमीटर आहे. तीन मिलिमीटर आतली उष्णता पृष्ठभागावर यायला वेळ किती लागेल, तर अंतराचा वर्ग भागिले हा गुणांक, म्हणजे सुमारे ०.९ सेकंद. बाहेर तांबे असो, वितळलेले गॅलियम असो की आणखी काही, पूर्ण गोळ्याचा गाभा याहून फार वेगाने थंड होऊच शकत नाही. तेच अंतर ५० मायक्रॉनवर आणले की वेळ पाव मिलिसेकंद होतो. जाडी हीच वेगाची खरी किल्ली आहे, आणि म्हणून पत्र्याची जाडी प्रत्येक नमुन्यावर पाच-सहा ठिकाणी मोजून लिहावी.

पाण्यात किंवा तेलात थेंब टाकण्याचा मोह होतो. या तापमानाला थेंबाभोवती लगेच वाफेचे कवच तयार होते आणि ते उष्णता अडवते. शिवाय पृष्ठभाग बिघडतो. सर्व बाजूंनी सारखा स्पर्श हवा असेल तर खोलीच्या तापमानाला द्रव असणाऱ्या गॅलियम-इंडियमच्या कुंडात थेंब टाकतात. हे मिश्रण अॅल्युमिनियमला खाऊन टाकते, म्हणून कक्षातले अॅल्युमिनियमचे भाग आधी झाकावेत.

पाटाचा मार्ग नवोदिताने आधी शिकावा. पाट ऑक्सिजनविरहित तांब्याचा, किमान दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा असावा, दर थेंबापूर्वी बारीक पॉलिश कागदाने घासून अॅसिटोनने पुसलेला असावा. तो कॉइलच्या खाली दहा सेंटिमीटरवर ठेवला, तर प्रवाह बंद केल्यापासून थेंब टेकायला ०.१४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हेलियममध्ये तो आणखी पाच ते पंधरा केल्विन थंड होतो. वहीत विझवण्याचे तापमान म्हणून कॉइल बंद करतानाचा आकडा लिहू नये. हा उतार वजा करून लिहावा.

आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत. कॉइलमध्ये थेंब पूर्ण गोल नसतो, चुंबकीय दाबाने तो उभट झालेला असतो. प्रवाह तुटताच हा दाब नाहीसा होतो आणि थेंब चेपत-लांबत हेलकावू लागतो. निकेलचा पृष्ठताण मीटरला सुमारे १.८ न्यूटन धरला तर एक ग्रॅमच्या थेंबाची ही आंदोलने सेकंदाला साधारण ३९ होतात. म्हणजे पडता पडता थेंब पाच वेळा चपटा आणि पाच वेळा लांबट होतो. चपटा टेकला तर स्पर्श रुंद मिळतो, लांबट टेकला तर टोकदार. एकाच उंचीवरून, एकाच तापमानाला टाकलेले दोन थेंब म्हणूनच कधी कधी वेगळे निघतात. उंची मिलिमीटरपर्यंत स्थिर ठेवावी आणि शक्य असल्यास आदळण्याचा क्षण जलद कॅमेऱ्याने टिपावा.

दट्ट्यांच्या मार्गात वेळेचा हिशेब आणखी काटेकोर होतो. वीस सेंटिमीटर पडलेल्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर असतो, त्यामुळे सहा मिलिमीटरचा थेंब कोणत्याही एका रेषेपुढून तीन मिलिसेकंदांत निघून जातो. दट्ट्यांच्या थोडे वर प्रकाशसंवेदक बसवतात; तेजस्वी थेंब स्वतःच त्याला इशारा देतो. संवेदकाच्या इशाऱ्यापासून दट्टे मिटेपर्यंतचा विलंब आधी पोलादाच्या छर्ऱ्यांवर दिवा मारून जुळवावा. छर्रा दहापैकी दहा वेळा सापडू लागला, तरच महागडा नमुना वितळवायला घ्यावा.

तांबे-कोबाल्ट : क्षण चुकला की काय होते

तांबे आणि कोबाल्ट द्रवावस्थेत, वितळबिंदूच्या वर, एकमेकांत पूर्ण मिसळतात. पण हा रस पुरेसा अतिशीत केला की तो तेलपाण्यासारखा फुटतो : एक द्रव कोबाल्टने भरलेला, दुसरा तांब्याने. १९५८ मध्ये नाकागावा यांनी चुंबकीय मापनांतून ही गोष्ट दाखवली. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला त्यासाठी सुमारे १०० केल्विनचे अतिशीतन लागते. मुशीत तेवढे सहसा मिळत नाही. तरंगत्या थेंबात ते सहज मिळते.

फुटण्याच्या क्षणी सर्वत्र कोबाल्टचे बारीक गोल थेंब जन्मतात. ते एकमेकांवर आदळतात, जोडले जातात, मोठे होतात, आणि तांब्याने भरलेला द्रव कमी पृष्ठताणामुळे बाहेर येऊन कवच बनवतो. कॉइलच्या क्षेत्राने थेंबाच्या आत प्रवाह ढवळलेला असतो, त्यामुळे हे सारे फार वेगाने घडते. आता तीन थेंब घेऊ. पहिला फुटण्याच्या तापमानापर्यंत पोहोचण्याआधीच विझवला : छेदात नेहमीच्या फांद्याफांद्यांची रचना दिसते. दुसरा फुटताक्षणी दट्ट्यांत चिरडला : तांबूस पार्श्वभूमीवर मोहरीसारखे करडे, जवळजवळ सारख्या आकाराचे गोल कण दिसतात. तिसरा आणखी सेकंदभर तरंगू दिला : मधे एक-दोन मोठे करडे गोळे आणि भोवती तांब्याची कड. संघटन तिघांचे एकच, वजन एकच. फरक आहे तो विझवण्याच्या क्षणाचा, आणि तो क्षण ज्याच्या आलेखावर नोंदलेला नाही त्याला हे तीन नमुने एकाच गोष्टीचे तीन टप्पे आहेत हे कधीच कळणार नाही.

या मिश्रणात तांबे वेगाने उडते आणि काच पटकन धूसर होते, म्हणून दर थेंबानंतर काच तपासावी.

सातवी पायरी : कापून पाहणे

विझवलेला थेंब आधी तसाच, न पुसता, भिंगाखाली पाहावा. पाटाला टेकलेली बाजू चकचकीत आणि सपाट असते. तिच्यावर काळे खळगे दिसले तर तेथे वायू अडकून स्पर्श तुटला होता. मग वजन करावे. हजारात एका भागापेक्षा जास्त घट असेल तर संघटन पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

थेंब टेकलेल्या पृष्ठभागाला लंब कापावा, म्हणजे शीतनाचा वेग खालून वर कसा घटत गेला ते एकाच छेदात वाचता येते. रेझिनमध्ये बसवताना गरम दाबयंत्र वापरू नये. काचेसारखी किंवा अर्धस्थिर रचना त्या उष्णतेने बदलू शकते, म्हणून थंड स्थितीत घट्ट होणारे रेझिन घ्यावे. पॉलिश करून, आम्लात हलके कोरून, मुख्य फांद्यांना फुटलेल्या दुय्यम फांद्यांमधले अंतर खालपासून वरपर्यंत मोजावे. हे अंतर शीतनाच्या वेगाच्या साधारण घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे अंतर निम्मे झाले तर वेग आठपट होता. पायरोमीटरला पाटाआड काय घडले ते दिसत नाही. हा छेद मात्र ते सांगतो. निकेलमध्ये अतिशीतन सुमारे १५० ते १८० केल्विनच्या पुढे गेले असेल तर लांबट दाणे मोडून बारीक, समआकाराचे दाणे झालेले आढळतात. तुमच्या आलेखावर २०० केल्विन लिहिले असेल आणि छेदात लांबट दाणे असतील, तर आधी पायरोमीटरची काच पाहावी.

प्रत्येक थेंबाचा अर्धा भाग पॉलिश न करता, क्रमांक घातलेल्या काचेच्या बाटलीत, कोरड्या जागी ठेवून द्यावा. बाटलीवर क्रमांकाबरोबर तीन आकडे लिहावेत : वितळणीच्या पायरीचे वाचन, कॉइल बंद करतानाचे वाचन आणि पडण्याची उंची.